आधी सांगा, कुणाबरोबर बसणार

४ जुलै २०२४ ला, ऑफिसला जायच्या आधी, घराजवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन मी ब्रिटनच्या संसदेसाठी मतदान केलं. टेबलामागच्या बाईंना भारतीय पासपोर्ट दाखवला. त्यांनी फोटो पाहिला, यादीत माझ्या नावावर पट्टी ठेवून रेघ मारली आणि मतपत्रिका हातात दिली. ब्रिटनमध्ये रीतसर राहणाऱ्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलातला म्हणून, संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. २०२३ पासून फोटो असलेलं ओळखपत्र सक्तीचं झालं, त्यात राष्ट्रकुल देशांचे पासपोर्टही चालतात. आपल्या बऱ्याच मराठी मंडळींना हे ठाऊक नसतं, म्हणून मुद्दाम सांगतो. आडोशात सुतळीला बांधलेली पेन्सिल असते. बोटाला शाई नाही, मशीनचा बीप नाही. एका नावासमोर फुली मारायची, घडी घालायची आणि पेटीत टाकायची.

मला जो पक्ष पटतो, त्याच्या नावासमोर मी फुली मारली नाही. त्याआधीच्या तीन आठवड्यांत दाराच्या फटीतून पडलेली पत्रकं घरात साठली होती. त्यातल्या एकावर दोन उंच खांब आणि एक बुटका खांब असलेला आलेख होता. बुटका खांब माझ्या आवडत्या पक्षाचा. खाली ठळक अक्षरांत मजकूर होता, की इथे लढत फक्त दोघांत आहे, तिसऱ्याला दिलेलं मत वाया जाईल. मी हिशेब केला आणि नको असलेला उमेदवार पडावा म्हणून दुसऱ्याला मत दिलं. मतविभागणी टाळण्याचं हे काम आपल्याकडे पक्ष जागावाटपाच्या टेबलावर बसून करतात. इथे ते मतदाराला एकट्याला, हातात पेन्सिल धरून, अंदाजानं करावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. ब्रिटनमध्ये आघाडीचं सरकार पुन्हा येणार आहे. त्या आघाडीचं नातं मतदानाच्या आधी, लेखी आणि उघड ठरलं पाहिजे. निकालानंतर, २०१० सारखं, पाच दिवसांत बंद खोलीत ते ठरवणं हा मतदारावर अन्याय आहे.

२०२४ च्या निकालाचे आकडे पाहा. मजूर पक्षाला ३३.७ टक्के मतं आणि ६५० पैकी ४११ जागा, म्हणजे एक तृतीयांश मतांवर ६३ टक्के सभागृह. इतक्या कमी टक्केवारीवर या देशात आजवर एकाही पक्षाला बहुमत मिळालं नव्हतं. मजूर पक्षाला एका खासदारामागे साधारण २३,६०० मतं पुरली. मध्यममार्गी लिबरल डेमोक्रॅटना ४९ हजारांच्या आसपास लागली, ग्रीन पार्टीला साडेचार लाखांहून जास्त आणि स्थलांतराला विरोध करणाऱ्या उजव्या रिफॉर्म यूकेला आठ लाखांहून जास्त. रिफॉर्मचं राजकारण मला मुळीच पटत नाही. तरी १४.३ टक्के मतं आणि पाच जागा हा हिशेब मला न्यायाचा वाटत नाही.

त्याच निकालात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि माझ्या मते तीच जास्त महत्त्वाची. लिबरल डेमोक्रॅटना २०१० मध्ये २३ टक्के मतं मिळाली होती आणि जागा मिळाल्या ५७. २०२४ मध्ये मतं १२.२ टक्क्यांवर आली आणि जागा झाल्या ७२. मतं जवळजवळ निम्मी, जागा पंधरा जास्त. हे घडलं कारण दक्षिण इंग्लंडच्या हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) बालेकिल्ल्यांत मजूर मतदारांनी लिबरल डेमोक्रॅट उमेदवाराला हात दिला आणि इतरत्र त्याची परतफेड झाली. दोन्ही पक्षांनी आपली माणसं आणि पैसा एकमेकांच्या वाटेत फारसा टाकला नाही. कुठे सही नाही, कुठे बैठक नाही, पण प्रत्यक्षात जागावाटप झालंच. आघाडी मतदारांनी केली. नेते मात्र शेवटच्या दिवसापर्यंत आघाडीचं नाव काढायला तयार नव्हते.

असं का होतं, हे विचारलं की राजकारणात रस असलेला प्रत्येक ब्रिटिश माणूस २०१० चं उदाहरण देतो. आघाडी केली आणि लिबरल डेमोक्रॅट संपले, असं तो सांगतो. मी या उत्तराशी कित्येकदा भांडलो आहे, कारण ते अर्धवट आहे.

६ मे २०१० ला निवडणूक झाली आणि संसद त्रिशंकू आली. हुजूर पक्ष ३०६, मजूर पक्ष २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. बहुमताला ३२६ हवेत. दुसऱ्याच दिवशी हुजूर नेते डेव्हिड कॅमेरन यांनी लिबरल डेमोक्रॅटना मोठा, खुला आणि सर्वंकष प्रस्ताव देतो असं जाहीर केलं. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट एकत्र आले तरी बेरीज ३१५ वर थांबत होती, त्यामुळे त्या वाटाघाटी सुरू झाल्या आणि विरल्या. ११ मेच्या संध्याकाळी मजूर पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी राजीनामा दिला, कॅमेरन पंतप्रधान व्हायला राजवाड्यावर गेले, आणि दुसऱ्या दिवशी डाउनिंग स्ट्रीटच्या बागेत कॅमेरन आणि लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग उन्हात शेजारी शेजारी उभे राहिले. पाच दिवसांत सगळं उरकलं. जर्मनीत याला महिने लागतात आणि करार पुस्तकाएवढा जाड होतो.

त्या पाच दिवसांत काय सुटलं? उच्चशिक्षणाचं शुल्क. निवडणुकीआधी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारांनी विद्यार्थी संघटनेच्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केल्या होत्या, फीवाढीच्या विरोधात मत देऊ म्हणून. फलक हातात धरून फोटो काढून घेतले होते. आपल्या पक्षाचं हे धोरण परवडणारं नाही, असं क्लेग यांना स्वतःला आधीपासून वाटत होतं. पक्षातून ते बदलून घेण्याचा प्रयत्नही त्यांनी केला होता आणि तो फसला होता. तरी सही केली. सरकारमध्ये गेल्यावर ९ डिसेंबर २०१० ला फीची मर्यादा वर्षाला ९,००० पौंडांपर्यंत वाढवणारा प्रस्ताव ३२३ विरुद्ध ३०२ असा मंजूर झाला. लिबरल डेमोक्रॅट खासदारांपैकी काहींनी बाजूनं मत दिलं, काहींनी विरोधात, काही तटस्थ राहिले. एका पक्षाची तीन तोंडं सगळ्या देशानं त्या संध्याकाळी पाहिली. बाहेर लंडनच्या रस्त्यावर थंडीत विद्यार्थी उभे होते.

आणि यातली सगळ्यात वाईट वाटणारी गोष्ट अशी, की आघाडीच्या करारात या एका प्रश्नावर तटस्थ राहण्याचा हक्क त्यांनी लिहून घेतला होता. तो कागद खिशात असताना त्यांच्या मंत्र्यांनी फीवाढीच्या बाजूनं मत दिलं. मतदारांना राग आला तो हुजूर पक्षाबरोबर बसल्याचा होताच. पण त्याहून खोल जखम होती सही करून फिरल्याची. २०१२ मध्ये क्लेग यांनी कॅमेऱ्यासमोर माफी मागितली. तोवर फार उशीर झाला होता.

बाकीचे सौदेही असेच गेले. पर्यायी मतपद्धतीवर, म्हणजे उमेदवारांना पसंतीक्रम देण्याच्या पद्धतीवर, ५ मे २०११ ला सार्वमत झालं. मोठ्या भावानं धाकट्याला सार्वमत दिलं खरं, पण प्रचार स्वतः विरोधात केला, आणि ६८ टक्के लोकांनी नकार दिला. प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, हे लिबरलांचं कित्येक पिढ्यांचं मागणं. त्याऐवजी त्यांनी एक अर्धी पद्धत मागितली आणि तीही गमावली. लॉर्ड्स या संसदेच्या वरच्या सभागृहाची सुधारणा ९१ हुजूर खासदारांनी बंड करून २०१२ मध्ये बुडवली. त्याचा बदला म्हणून लिबरल डेमोक्रॅटनी हुजूर पक्षाला हवी असलेली मतदारसंघांची फेररचना अडवली. काही हाती लागलंही: कमी उत्पन्नावरचा आयकर हटला, गरीब घरांतल्या मुलांसाठी शाळांना जादा पैसे मिळाले, छोट्या वर्गांतल्या मुलांना शाळेत मोफत जेवण सुरू झालं. माझ्या ओळखीच्या घरांत ते जेवण आजही मुलं जेवतात. पण याचं श्रेय धाकट्याकडे कुणी ठेवलं नाही. २०१५ मध्ये ५७ चे ८ झाले, आणि गेलेल्या जागांपैकी २७ थेट हुजूर पक्षानं घेतल्या. ज्याच्याबरोबर पाच वर्षं एका ताटात जेवले, त्यानंच ताट ओढून घेतलं. युतीत मोठा भाऊ कोण यावरून पक्ष फुटलेले पाहिलेल्या मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पण याच पाच वर्षांची दुसरी बाजू कुणी बोलत नाही. ते सरकार पूर्ण मुदत टिकलं. २०१५ च्या प्रचारात कॅमेरन लोकांना सांगत होते, की माझ्याबरोबर स्थैर्य आहे आणि मजूर नेते एड मिलिबँड यांच्याबरोबर गोंधळ. लोकांनी कॅमेरन यांना एकहाती बहुमत दिलं. पुढच्या नऊ वर्षांत पंतप्रधान झाले कॅमेरन, थेरेसा मे, बोरिस जॉन्सन, लिझ ट्रस आणि ऋषी सुनक. २०१९ मध्ये जॉन्सन यांना ८० जागांचं बहुमत होतं, तरी त्यांच्याच मंत्र्यांनी एकामागून एक राजीनामे देऊन त्यांना घालवलं. ट्रस यांचं सरकार दोन महिनेही टिकलं नाही. एकपक्षीय बहुमत म्हणजे स्थैर्य ही समजूत या देशानं स्वतःच्या अनुभवावर तपासून पाहावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. अस्थिरता पक्षांच्या पोटातून आली. आघाडीत निदान भांडणाचे नियम लिहिलेले होते, दोन्ही बाजूंचे चार वरिष्ठ नेते नेमानं बसून तंटे सोडवत होते.

इंग्लंडला आघाड्या आवडत नाहीत, हे हुजूर नेते डिझरायली यांचं १८५२ सालचं वाक्य इथे म्हणीसारखं फेकलं जातं. इतिहास मात्र वेगळं सांगतो. पहिल्या महायुद्धात आघाडी, त्यानंतर १९२२ पर्यंत लॉइड जॉर्ज यांची आघाडी, १९३१ चं राष्ट्रीय सरकार, १९४० ते ४५ चर्चिल आणि ॲटली एकाच मंत्रिमंडळात. १९७७ मध्ये कॅलहॅन यांचं मजूर सरकार डेव्हिड स्टील यांच्या लिबरलांच्या बाहेरच्या पाठिंब्यावर उभं होतं. २०१७ मध्ये थेरेसा मे यांनी उत्तर आयर्लंडच्या दहा खासदारांचा बाहेरून पाठिंबा घेतला, आणि त्या बदल्यात उत्तर आयर्लंडला एक अब्ज पौंडांचा जादा निधी गेला.

निवडणूकपूर्व समझोताही इथल्या मातीतलाच आहे. १९०३ मध्ये लिबरल पक्षाचे हर्बर्ट ग्लॅडस्टन आणि तेव्हा बाळसंही न धरलेल्या मजूर चळवळीचे रॅम्से मॅकडोनल्ड यांच्यात जागांचा गुप्त करार झाला. १९०६ च्या निवडणुकीत त्यामुळे मजूर चळवळीचे २९ खासदार निवडून आले. आज ज्या पक्षाचे नेते जागावाटपाचं नाव काढलं की कपाळाला आठ्या घालतात, तो पक्ष संसदेत पाय रोवू शकला तोच मुळी जागावाटपानं. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांनी उघडपणे मतदारसंघ वाटून घेतले आणि २५.४ टक्के मतं मिळवली. जागा मिळाल्या २३. मजूर पक्षाला २७.६ टक्क्यांवर २०९. दोष समझोत्याचा नव्हता, मोजणीच्या पद्धतीचा होता. आणि २०१९ मध्ये नायजेल फराज यांच्या ब्रेक्झिट पार्टीनं (रिफॉर्मचं आधीचं नाव) हुजूर पक्षाच्या ताब्यातल्या ३१७ मतदारसंघांत उमेदवारच दिले नाहीत. मग जागावाटप हा परका प्रकार कसा?

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. आधी सांगितलं तर विरोधकांच्या हातात काठी मिळते. २०१५ मध्ये हुजूर पक्षाच्या पोस्टरवर मिलिबँड स्कॉटलंडचं स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या ॲलेक्स सॅमंड यांच्या कोटाच्या खिशात बसलेले दाखवले होते. इंग्लंडमधल्या मतदाराला ते पोस्टर झोंबलं. पण मिलिबँड यांनी त्यावर काय केलं? स्कॉटिश नॅशनलशी करार करण्यापेक्षा सरकार न झालेलं बरं, असं त्यांनी टीव्हीवर लोकांसमोर सांगितलं. इंग्लंडमध्ये कुणाला ते खरं वाटलं नाही, स्कॉटलंडमध्ये लोक दुखावले, आणि तिथल्या ५९ पैकी ५६ जागा स्कॉटिश नॅशनलनं नेल्या. त्याऐवजी त्यांनी म्हटलं असतं, की आम्ही अमुक तीन गोष्टींवर त्यांच्याशी बोलू, स्वातंत्र्याच्या सार्वमतावर बोलणार नाही, आणि हा घ्या कागद, तर पोस्टरला उत्तर मिळालं असतं. संशय मौनावर पोसला जातो.

दुसरा आक्षेप आमच्याकडच्या अनुभवातून येतो, आणि तो मी स्वतःलाच विचारला. महाराष्ट्रात २०१९ मध्ये भाजप आणि शिवसेना युती करून लढले होते. जागावाटप झालेलं, प्रचार एकत्र केलेला, बहुमतही मिळालेलं. तरी युती मोडली. मुख्यमंत्रिपदाबद्दल बंद दाराआड काय ठरलं होतं, यावर दोन्ही पक्षांचे दोन दावे होते. मग २३ नोव्हेंबरचा सकाळचा शपथविधी, आणि २८ नोव्हेंबरला शिवाजी पार्कवर तिसऱ्याच आघाडीचा. माझी आई तेव्हा रोज फोनवर विचारायची, अरे, मी नेमकं कुणाला मत दिलं होतं? तिच्या त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून नुसती निवडणूकपूर्व युती पुरत नाही, हे मला मान्य आहे. ठरलेलं कागदावर हवं, आणि तो कागद मतदाराच्या हातात हवा. महाविकास आघाडीनं किमान समान कार्यक्रम लिहिला खरा, पण तो निकालानंतर. मतदारानं त्यावर कौल दिलेलाच नव्हता.

आता पुढचं बोलू. या संसदेची मुदत २०२९ च्या उन्हाळ्यापर्यंत आहे. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत रिफॉर्मनं दहा कौन्सिलं जिंकली. दोन पक्षांची सद्दी आता संपली आहे. पाच-सहा पक्ष आणि पहिला येईल तो जिंकेल ही पद्धत, यांतून त्रिशंकू संसद येण्याची शक्यता मला दाट दिसते.

उजवीकडे हुजूर आणि रिफॉर्म. २०२४ मध्ये दोघांची मतं मिळून ३८ टक्के, मजूर पक्षाहून जास्त. अशी सरळ बेरीज करणं चूक आहे हे मला कळतं, कारण रिफॉर्मकडे गेलेले कित्येक लोक हुजूर पक्षावर चिडूनच गेले होते. पण दोन्ही पक्षांतल्या लोकांना हा आकडा पाठ आहे. हुजूर नेत्या केमी बेडनॉक यांनी राष्ट्रीय पातळीवर समझोता नाही म्हणून सांगितलं आणि कौन्सिलांचा निर्णय मात्र स्थानिक नेत्यांवर सोडला. कौन्सिलमध्ये चालतं ते वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे संसदेत, का चालणार नाही, हे मतदाराला मतदानाआधी कळलंच पाहिजे. स्थलांतर, युरोपीय मानवाधिकार करार, आमच्यासारख्यांचा इथे राहण्याचा हक्क: रिफॉर्म सत्तेत भागीदार असेल तर या सगळ्याला वेगळा अर्थ येतो. हुजूर पक्षाला मत देणाऱ्या गुजराती आणि मराठी शेजाऱ्यांना मी हेच विचारतो, की तुमचं मत पुढे कुणाच्या पदरात पडणार, हे तुम्हाला कुणी सांगितलं आहे का?

डावीकडे मजूर, लिबरल डेमोक्रॅट, ग्रीन, शिवाय स्कॉटलंड आणि वेल्सचे पक्ष. यांच्यात विचारांचं अंतर कमी, अविश्वास जास्त. मतपद्धती बदलावी हा ठराव मजूर पक्षाच्या २०२२ च्या अधिवेशनात मंजूर झाला, नेतृत्वानं तो बाजूला ठेवला. मजूर पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनीही हेच केलं होतं. १९९८ मध्ये मतपद्धतीवरच्या जेन्किन्स आयोगाचा अहवाल आला, पण पाठीशी १७९ चं बहुमत असताना तो राबवायची निकड कुणाला वाटली नाही. जिंकताना कुणी मोजणी बदलत नाही. त्यामुळे लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन यांना ही अट फक्त त्रिशंकू संसदेतच घालता येईल, आणि ती घालणार असतील तर आजच जाहीर करावी. सार्वमताच्या वायद्यावर नव्हे, थेट कायद्यावर.

आणखी एक बारीक पण कळीची गोष्ट. २०१० च्या आघाडीला २०११ च्या ठरलेल्या मुदतीच्या कायद्याचं कुंपण होतं, त्यामुळे पंतप्रधानाला सोयीची वेळ गाठून निवडणूक लावता येत नव्हती. तो कायदा २०२२ मध्ये रद्द झाला. आता मोठा भाऊ मतचाचण्या चांगल्या आल्या की धाकट्याला झटकून लोकांसमोर जाऊ शकतो. पुढच्या आघाडीत जाणाऱ्या लहान पक्षानं पहिली मागणी ठरलेल्या मुदतीचीच करावी, मंत्रिपदांची यादी त्यानंतर. मोठ्या भावानंही स्कॉटलंडकडे बघावं. एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या सरकारचे तेव्हाचे प्रमुख हमझा युसुफ यांनी तिथल्या ग्रीन पक्षाबरोबरचा करार एका सकाळी तोडून टाकला. चार दिवसांत अविश्वासाच्या सावटाखाली त्यांनाच राजीनामा जाहीर करावा लागला, कारण सभागृहात ज्यांची मतं लागणार होती त्यांनाच त्यांनी दुखावलं होतं.

कागदात काय असावं? फार नाही. जाहीरनाम्यातली कुठली वचनं बहुमत मिळालं तरच, आणि कुठली कुणाबरोबरही बसलो तरी सोडणार नाही. पहिली बोलणी कुणाशी, आणि कुणाशी कधीच नाही. नातं मंत्रिमंडळाचं की बाहेरून पाठिंब्याचं. आणि कराराला पक्षसदस्यांची मंजुरी कशी घेणार. २०१० मध्ये लिबरल डेमोक्रॅटनी बर्मिंगहॅमला खास अधिवेशन घेतलं होतं, पण तोवर मंत्र्यांनी खाती सांभाळली होती.

२०२४ च्या मतदानाच्या आठवडाभर आधी एक तरुण कार्यकर्ता आमच्या दारात आला होता. हातात फळी, त्यावर आमच्या गल्लीतल्या घरांची यादी. पोरगा मनापासून बोलत होता, पावसात भिजला होता, त्याला मी आत घेऊन चहा दिला. बहुमत नाही मिळालं तर तुमचा पक्ष कुणाबरोबर जाईल, असं मी त्याला विचारलं. त्यानं कप खाली ठेवला, थोडा विचार केला आणि म्हणाला, खरं सांगू का, आम्हालाही कुणी सांगितलेलं नाही.